सहा महिने बाकी सगळं बंद ठेवून कोडिंग शिकायचं, हे मला पटत नाही

गजसूर:
तीन महिने झाले पायथन ही कोडिंगची भाषा शिकतेय, अगदी शून्यापासून. नोकरी आहे आणि त्याआधीपासून, म्हणजे अकरा वर्षं, व्हायोलिन वाजवतेय. ज्यांच्याकडे कोडिंग शिकते त्यांनी परवा स्पष्टच सांगितलं की सहा महिने व्हायोलिन पेटीत ठेवून दे, दोन डगरींवर पाय ठेवलास तर मधेच पडशील. त्यांचा हेतू चांगला आहे हे मला कळतं पण सल्ला पटला नाही, रात्रभर तोच विचार चालू होता म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं असं की ज्या गोष्टीवर आपलं आधीपासून प्रेम आहे ती सोडून नवीन गोष्ट शिकायला बसलं की नवीन गोष्टीचाच राग यायला लागतो. दोन आठवडे मी हे करून पाहिलंय, वाद्य बंद, रोज संध्याकाळी फक्त कोड. दहाव्या दिवशी लॅपटॉप उघडायचीच इच्छा होईना. परत वाजवायला लागले आणि कोडही परत सुरू झाला. आणि पायथनचंच बघा ना, खीडो व्हान रॉसम यांनी ती १९८९ च्या ख्रिसमसच्या सुट्टीत हौस म्हणून लिहायला घेतली होती, १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. डोनाल्ड कनूथ एवढे मोठे संगणकशास्त्रज्ञ पण आयुष्यभर ऑर्गन वाजवत आले. छंद आणि कोडिंग एका घरात नांदू शकतात असं मला मनापासून वाटतं. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी जरूर लिहा.

अर्धविराम:
मी वेगळं वाटणाऱ्यातला. पंधरा वर्षं हेच काम करतोय आणि नवीन मुलामुलींना शिकवलंही आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी उदाहरणांबद्दल. व्हान रॉसम यांनी सुट्टीत सुरुवात केली हे खरं, पण त्याआधी ते अॅम्स्टरडॅमच्या संशोधन संस्थेत एबीसी नावाच्या भाषेवर काही वर्षं काम करत होते, पायथनमधल्या बऱ्याच कल्पना तिथूनच आल्यात. ती मुरलेल्या माणसाची हौस होती. कनूथ यांचंही तेच. नवशिक्याने त्यांच्याशी तुलना करू नये, कारण नवशिक्याची अडचणच वेगळी असते.

ती काय असते सांगतो. तुम्ही वापरणाऱ्याकडून दोन आकडे घेता, ५ आणि ५, बेरीज करता आणि उत्तर येतं ५५. का, तर जे टाइप झालं ते पायथनच्या दृष्टीने मजकूर आहे, आकडा नाही, म्हणून त्याने दोन तुकडे एकाला एक चिकटवले. मंगळवारी रात्री तासभर डोकं खाऊन हे कळतं. बुधवारी परत बसलात तर ते हाडात मुरतं. पण बुधवारी वाद्य, गुरुवारी मैत्रीण, शुक्रवारी दमलो, असं करत शनिवारी उघडलं की परत ५५, परत तासभर. नवशिक्याचा अर्धा वेळ मागच्या वेळी कुठे होतो हे शोधण्यातच जातो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर संशोधन मांडलंय, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा थोडा भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. म्हणजे तुमचं कोडिंगही अर्ध्या लक्षाने आणि वाजवणंही. पहिले काही महिने तरी सलग द्यावेत, व्हायोलिन कुठे पळून जात नाही.

चौकट:
अर्धविराम यांचा मुद्दा समजला पण माझा अनुभव बरोबर उलटा. मी फोटो काढतो, पोटापाण्यासाठी नाही, आवड म्हणून. कोडिंगच्या धड्यात मजकूर आणि आकडा यातला फरक मी तीनदा वाचला, तिन्ही वेळा मान डोलावली आणि तिन्ही वेळा विसरलो. मग एका प्रवासाचे साडेतीनशे फोटो होते, त्यांना १, २, ३ अशी नावं द्यायचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि नावांप्रमाणे क्रम लावायला सांगितलं. आला कसा? १, १०, १००, १०१... आणि २ कुठेतरी शंभर फोटोंनंतर. सूर्योदयानंतर एकदम तिसऱ्या दिवसाची रात्र. मी हैराण. मग डोक्यात प्रकाश पडला की अरे हा नावं वाचतोय, आकडे नाही, शब्दकोशात लावतात तशी एकेक अक्षर बघून लावतोय, म्हणून १ ने सुरू होणारं सगळं आधी. पुढे शून्यं जोडून ००१, ००२ केलं आणि सगळे फोटो शहाण्यासारखे ओळीत बसले. त्याला दीड वर्ष झालं, आजतागायत विसरलो नाही. धड्यातली बेरीज चुकली तर मला काही वाटत नव्हतं, माझे फोटो चुकले तेव्हा झोंबलं, आणि झोंबलं तेच लक्षात राहतं.

अर्धविराम:
छान उदाहरण, खरंच. पण पुढचं बोलतो. आवडीतून शिकलेला एक अतिशय हुशार माणूस माझ्याबरोबर काम करायचा. त्याच्या एका फाइलमध्ये तोच पंधरा ओळींचा तुकडा कितीतरी ठिकाणी कॉपी करून चिकटवलेला होता. चालत होतं! त्याने फंक्शन, म्हणजे एकदाच लिहून हवं तिथे नावाने वापरता येणारा तुकडा, असं काही असतं हे वाचलेलं होतं पण त्याचं काम त्यावाचून भागत होतं, मग कशाला शिकेल. एक दिवस त्या तुकड्यात चूक निघाली आणि ती प्रत्येक ठिकाणी जाऊन सुधारायची होती, दोन जागा राहिल्या आणि त्या दोन जागांनी आम्हाला आठवडाभर रडवलं. ज्याचं भागतं तो पुढे शिकत नाही, माझा आक्षेप हा आहे. आवड तुम्हाला तेवढंच शिकवते जेवढं आवडीला लागतं.

गजसूर:
हा आक्षेप मात्र लागला, खोटं का बोलू. तरी माझं एक सांगते.

मी मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत ठोके देणारा प्रोग्राम, लिहिला. मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे ६० भागिले ७२, साधारण ०.८३३ सेकंद. एक ठोका वाजव, तेवढा वेळ थांब, परत वाजव. पाच ओळी. चालला, खूप आनंद झाला. मग दुसऱ्या फोनवरचा तयार मेट्रोनोम शेजारी लावला आणि दोघांबरोबर स्केल वाजवायला लागले. पहिलं मिनिट ठीक. दुसऱ्या मिनिटात काहीतरी टोचायला लागलं, गज ओढताना कळत होतं की दोन ठोके एक राहिले नाहीत, माझा मागे पडतोय. पाचव्या मिनिटाला तर तो सरळ दुसऱ्याच मात्रेवर होता. डोळ्यांना कोडमध्ये काहीच चूक दिसत नव्हती. दोन दिवस लागले मला हे समजायला की ठोका वाजवायलाही थोडा वेळ जातो, आणि मी तो वेळ जाऊन मग वर पूर्ण ०.८३३ थांबतेय. समजा दर ठोक्याला ५ मिलिसेकंद जास्त गेले, तर पाच मिनिटांत ३६० ठोके होतात, म्हणजे १.८ सेकंद, दोन ठोक्यांपेक्षा जास्त. मग पद्धतच बदलली. सुरुवातीची वेळ नोंदवून ठेवायची, शंभरावा ठोका सुरुवातीपासून नेमका कधी पडायला हवा ते काढायचं आणि तेवढंच थांबायचं, म्हणजे चूक साठत जात नाही.

हे मला कुणी शिकवलं नसतं, निदान तिसऱ्या महिन्यात तरी नाही. आणि ही चूक माझ्या कानाने पकडली. अकरा वर्षांनी तयार झालेला कान. तो पेटीत ठेवून बसले असते तर पाच ओळींवर खूश होऊन पुढे गेले असते.

कोरा कागद:
माझं दोघांशीही पटत नाहीये. छंद सोडू नका, पण छंद आणि कोड यांची सरमिसळ तर अजिबात करू नका.

मी चित्रं काढते. कुणीतरी सुचवलं म्हणून प्रोसेसिंग हे कोड लिहून चित्रं काढायचं साधन शिकायला घेतलं, २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी मुद्दाम कलावंतांसाठी सुरू केलेलं आहे ते, उत्तम आहे, त्यात काही दोष नाही. चार ओळींत चारशे वर्तुळं पडद्यावर, रंग बदलणारी, हलणारी. मी वेडी झाले. आणि मग एका सकाळी पेन्सिल घेऊन कागदावर एक वर्तुळ काढलं आणि मनात आलं, हे किती हळू आहे. त्या दिवशी वही मिटली ती पाच महिने उघडली नाही. माझ्या हाताचा वेग मी मशीनच्या वेगाशी मोजायला लागले होते, आणि चित्र काढण्यातली जी मजा असते, रेघ चुकते, त्या चुकीतून दुसरंच काही निघतं, ती मला कंटाळवाणी वाटायला लागली. आता सकाळी चित्र, तेव्हा स्क्रीन नाही. संध्याकाळी कोड, आणि कोडमध्ये घरखर्चाचा हिशोब लिहिते ज्याचा चित्राशी काडीचा संबंध नाही. दोन्ही नीट चाललंय. गजसूर, तू व्हायोलिनसाठी प्रोग्राम लिही, पण सगळंच त्याच्याभोवती बांधू नकोस गं. वाजवताना आपण फक्त वाजवतोय असं काहीतरी शिल्लक ठेव.

फळाखडू:
नवशिक्यांनाच शिकवतो. एक गोष्ट जोडायची आहे. कशातही तरबेज व्हायला दहा हजार तास लागतात म्हणतात ना, त्या प्रसिद्ध आकड्यामागे अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यास आहे, आणि योगायोगाने तो व्हायोलिन वाजवणाऱ्यांवरच होता. लोक त्यातून तास तेवढे उचलतात. उत्तम वाजवणारे तुकड्यातुकड्यांनी सराव करत होते, मधे विश्रांती घेत होते, दुपारी झोपतही होते, हे कुणी सांगत नाही. सहा महिने रोज आठ तास एकच गोष्ट हा सल्ला त्यात कुठेच नाही.

पण अर्धविराम यांचा शनिवारचा मुद्दा मी रोज वर्गात बघतो. आठवड्यातून एकदा पाच तास बसणाऱ्यापेक्षा रोज चाळीस मिनिटं बसणारा पुढे जातो. आणि लक्ष अडकून राहतं ते काम अर्धवट सुटल्यामुळे, म्हणून मी मुलांना सांगतो की उठायच्या आधी शेवटची पाच मिनिटं कोड लिहू नका, वहीत दोन ओळी लिहा. कुठे अडकलो आणि उद्या पहिल्यांदा काय करून बघणार. नुसत्या तेवढ्याने दुसऱ्या दिवशीची शोधाशोध जाते आणि उठल्यावर डोकंही मोकळं होतं, मग वाजवा, पळा, चित्र काढा.

अर्धविराम:
वहीचं मान्य, मी स्वतः अजून करतो. चाळीस मिनिटांचंही मान्य, रोज म्हणजे रोज असेल तर. पण ज्याने नोकरी सोडली आहे आणि साठवलेल्या पैशांवर सहा महिने काढायचे आहेत, त्याला मी आजही म्हणेन की बाकीचं बाजूला ठेव. त्याच्याकडे वेळ मोजका आहे. गजसूर, तुम्हाला तशी घाई नाही, त्यामुळे तुमच्यापुरता मी अडून बसणार नाही. फक्त एक करा, दर पंधरा दिवसांनी स्वतःचा जुना, चालणारा प्रोग्राम उघडा आणि परत लिहा. नवीन काही जोडायचं नाही, आहे तेच नीट करायचं. आवड हे कधीच करायला लावणार नाही, ते ठरवूनच करावं लागतं. मेट्रोनोमपासूनच सुरू करा, त्यात ठोका वाजवणाऱ्या ओळी किती ठिकाणी आहेत ते मोजा.

गजसूर:
मोजल्या. तीन ठिकाणी आहेत. पहिल्या मात्रेचा जोरात, बाकीच्यांचा हळू, आणि सुरू करताना मोजणीचा वेगळा, तिन्ही जवळजवळ सारखे आणि मीच चिकटवलेले.

काल रात्री बसले, तिन्हींचं एक फंक्शन केलं, त्याला फक्त आवाज किती मोठा ते सांगायचं. दीड तास लागला आणि मधे एकदा सगळंच बंद पडलं होतं. व्हायोलिन काल झालं नाही. आज आधी वाजवलं, मेट्रोनोम न लावता, कोरा कागद म्हणाली तसं, आणि मग चाळीस मिनिटं कोड. वहीत उद्यासाठी लिहून ठेवलंय: पाच मात्रांचा ताल धरता येत नाही, कोडमध्ये चार हा आकडा कुठे पक्का लिहून ठेवलाय ते शोधायचं.