चौथीतल्या मुलाचं लिखाण: डिस्ग्राफियाची (लिहिण्यातल्या अक्षमतेची) तपासणी मुंबईत कुठे करावी?

ठाकुरद्वारची_आई
मुलगा चौथीत, मराठी माध्यम. कोकणात पाऊस जास्त का, हे तोंडी विचारलं की सह्याद्री, ढग सगळं हातवारे करून सांगतो. पेपरात मात्र 'पाउस पडतो', बस. 'पावसाळा'चं 'पवासळ' होतं, शब्द एकमेकांना चिकटतात. पेन्सिल इतकी दाबतो की पानाच्या मागच्या बाजूला अक्षर बोटाला लागतं. वाचन ठीक आहे. शाळेचा शेरा: 'निष्काळजी'. तपासणी कुठे करू? बजेट ५ हजार, त्यावर खरंच जमणार नाही.

कांजूरकर
आम्ही मुलीची खासगीत केली. १८ हजार गेले, पण आठ दिवसांत रिपोर्ट हातात. मुलांच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

नाना_दादर
मुलगे उशिराच सुधारतात. माझ्या भाच्याचं अक्षर सहावीपर्यंत कोंबडीचे पाय होतं, आज इंजिनियर आहे. सुलेखनाचा क्लास लावा, रोज एक पान शुद्धलेखन.

फळा_खडू
नाना, कळकळीने सांगते, शुद्धलेखन वाढवू नका. दोन ओळींत ज्याचा हात दुखतो, तो एका पानाने लिहिण्याचाच धसका घेतो. मी २२ वर्षं शिकवतेय. ताई, पुस्तकातून उतरवलेलं, श्रुतलेखन आणि मनाने लिहिलेलं अशी तीन पानं तारीख घालून ठेवा. उतरवताना बरं आणि मनाने लिहिताना कोसळत असेल, तर नुसतं अक्षर गिरवून काही होणार नाही.

नाना_दादर
आमच्या वेळी पाटी होती, हात आपोआप वळायचा.

कांजूरकर
पाटीवरसुद्धा मुलं मार खायची, नाना. तेव्हा 'ढ' म्हणून सोडून द्यायचे.

सायनपलीकडची
सायन, नायर, केईएम या तिन्ही रुग्णालयांत एलडी (अध्ययन अक्षमता, डिस्ग्राफिया त्यातलाच) क्लिनिक आहे, खर्च खासगीच्या मानाने अगदी कमी. आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग लेखन-वाचन-गणिताची चाचणी. ती मराठीतून घेतात का, हे आधीच विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, १४ आणि १८व्या वर्षी पुन्हा तपासणी. आम्हाला एका सरकारी रुग्णालयात नंबर लागायला चार महिने गेले, वर पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी रजा. फार मनस्ताप झाला. पण दहावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जास्त मिळाली.

कांजूरकर
+१, पण चार महिने कशाला? खासगीत जा.

सायनपलीकडची
खासगी रिपोर्टवर थेरपी सुरू होते. बोर्डाच्या सवलतीला सरकारी प्रमाणपत्रच लागतं.

ठाकुरद्वारची_आई
सगळ्यांचे आभार. क्लास नाही आणि खासगीही नाही. रुग्णालयातही सध्या नंबर लावत नाही, दहावी लांब आहे. आधी शाळेशी बोलते. काल पावसाचं उत्तर त्याने सांगितलं, मी जसंच्या तसं उतरवलं. दीड पान झालं. ते आणि त्याचं 'पाउस पडतो' शेजारी ठेवून बाईंना दाखवणार आहे. घटक चाचणीत त्याला तोंडी विचारा, एवढंच मागायचंय.

सायनपलीकडची
जरूर दाखवा. पण नंबर आजच लावून ठेवा हो, चार महिने तसेही जाणारच आहेत.

फळा_खडू
हेच म्हणते. आणि बाईंकडे जाताना त्याने पुस्तकातून उतरवलेलं पानसुद्धा न्या.