मदत हवी आहे: डब्बा टीव्हीला आवाज आहे, चित्र नाही

घाटवाट: २१ इंची रंगीत टीव्ही, पिक्चर ट्यूबवाला. काल रात्रीपर्यंत ठणठणीत होता. आज आवाज येतोय, चित्र गायब. रविवारी भाचे येणार आहेत, त्याआधी चालू व्हायलाच हवा. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर घरात आहे. कुठला पार्ट बदलायचा तेवढं सांगा. "नवीन घ्या" सोडून काहीही चालेल.

मृण्मयी_क: कंपनी आणि मॉडेल?

घाटवाट: त्याने काही फरक पडत नाही. मूळ बोर्ड कधीच गेला, आत चायना किट बसवलंय.

वडाची_साल: एलओटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेला. माझा असाच गेला होता. नवा टाका, विषय संपला.

रेडिओवाला: थांबा. घाटवाट, "चित्र गायब" म्हणजे नेमकं काय? पडदा पूर्ण काळा? निळा? की काही उजेड दिसतो?

घाटवाट: काळाच. मधोमध एक पांढरी आडवी रेघ आहे फक्त.

रेडिओवाला: अहो, हेच आधी सांगायचं! टीव्ही आत्ताच्या आत्ता बंद करा. इलेक्ट्रॉनचा सगळा झोत त्या एका रेघेवर पडतोय, तिथला फॉस्फर (पडद्याचा उजळणारा लेप) जळला की डाग कायमचा राहतो. हा व्हर्टिकल सेक्शनचा, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागाचा बिघाड आहे.

वडाची_साल: एलओटीच. व्हर्टिकलला सप्लाय तिथूनच जातो.

रेडिओवाला: सप्लाय तिथून जातो हे बरोबर. पण एलओटी मेला असता तर ट्यूबला हाय व्होल्टेजच मिळालं नसतं, मग रेघ कुठून दिसली असती? ती डावीकडून उजवीकडे पूर्ण आहे, म्हणजे हॉरिझॉन्टल (आडवं पसरवणारा भाग) शाबूत आहे. उगाच माणसाला महागडा पार्ट घ्यायला लावू नका.

सरळमार्गी: एलईडी घ्या. वीजही कमी लागते. जुना ई-कचरा केंद्रात द्या, भंगारवाल्याला नको. त्या काचेत शिसं असतं.

घाटवाट: नवीन घ्या नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. घरात एलईडी आहे. हा हवाय तो कॅसेटवाल्या टीव्ही गेमसाठी. त्यातली बंदूक एलईडीवर चालत नाही. मी आणि ताईने लहानपणी सगळ्या सुट्ट्या त्या बदकांमागे घालवल्या. तिच्या पोरांनी एकदा तरी ते खेळावं एवढंच आहे.

मृण्मयी_क: चालणारच नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड ठरलेल्या क्षणीच शोधतो. एलईडीवर चित्र थोडं उशिरा उमटतं, तोवर वेळ टळलेली असते. शिवाय अनेक बंदुका डब्बा टीव्हीचीच लुकलुक ओळखतात. त्यावर सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी आखल्या जातात.

निवांत७२: आमच्या टीव्हीच्या कोपऱ्यात जांभळा डाग येतो, त्याला काय करावं?

रेडिओवाला: निवांत, शेजारचा स्पीकर लांब करा. तरी राहिला तर पोझिस्टर (ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या सर्किटमधला पार्ट) तपासायला सांगा. घाटवाट, डब्ब्यावर थाप मारली तर रेघ उघडते का?

घाटवाट: हो, सकाळी दोनदा पूर्ण चित्र आलं आणि मिटलं. लिहायला हवं होतं का?

रेडिओवाला: अर्थात! मग ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला टाका. व्हर्टिकलची आयसी हीट सिंकवर असते, तापून-निवून पायांभोवती बारीक गोल तडा जातो. यॉकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या) वायरींचा कनेक्टरही पाहायचा. आधी हे सोल्डरचे टाके नव्याने मारायचे. नाही जमलं तर एलओटीकडून येणारा सप्लाय, तिथला फ्यूजेबल रेझिस्टर (फ्यूजसारखा जळणारा), आणि मग आयसी. आयसी घेताना तिच्यावरचा नंबर वाचून घ्या, अंदाजाने नाही.

पण हे तुम्ही स्वतः करू नका. लाल जाड वायर जिथे ट्यूबच्या काचेला रबरी टोपीने बसते तिथे वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढला तरी तो उरतो. मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट असतात. ट्यूबची मान नाजूक, धक्का लागला की ट्यूब गेली. भाच्यांच्या कौतुकापायी जीव धोक्यात घालू नका.

वडाची_साल: आम्ही उघडतो, काही होत नाही. प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं.

रेडिओवाला: पाच मिनिटांत ट्यूब रिकामी होईलच याची खात्री कोणी देत नाही. ज्याने कधी ट्यूब डिस्चार्ज केलेली (साठलेली वीज काढलेली) नाही त्याला असलं सांगू नका.

सरळमार्गी: आता असे मेकॅनिक उरलेत कुठे?

मृण्मयी_क: जुन्या बाजारपेठेतल्या मिक्सर-इस्त्री दुरुस्तीच्या दुकानांत विचारा. साठीच्या पुढचे काका बसलेले असतील तर त्यांनी आयुष्यभर हेच केलेलं असतं.

घाटवाट: मिळाले एक काका. आयसीचे टाके मारले, रेघ उघडली! पण वरच्या पट्टीत चित्र दुमडल्यासारखं दिसतंय, वरची बदकं चपटी. काका म्हणतात चालवून घ्या.

रेडिओवाला: चालवून घेऊ नका. आयसीला लागून १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, तो सुकला असणार. काही रुपयांचा असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या, व्होल्ट जास्त चालतील, कमी नाही. काकांनाच बसवायला सांगा.

घाटवाट: आत्ता निघालो, दुकान आठला बंद होतं.

निवांत७२: पोझिस्टर कुठे मिळेल?