फर्निचर शोरूम, मॉड्युलर किचनचा कारखाना आणि टॉवेल एक्स्पोर्ट : सायबरचा धोका जास्त कुणाला, पैसे आधी कुठे लावू?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरात तीन वेगळे धंदे आहेत आणि तिन्हीकडे कॉम्प्युटरचं काही बिनसलं की फोन मलाच येतो. बाबांचं पुण्यात फर्निचरचं शोरूम, सोफा-बेड-डायनिंग, चार माणसं, दोन कॉम्प्युटर. मामाचा नाशिकला अंबड एमआयडीसीत मॉड्युलर किचनचा कारखाना, चौदा माणसं, पॅनल सॉ, एज बँडर आणि एक सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं-कोरायचं मशीन). काका सोलापूरला, टॉवेल आणि बाथरोबचा एक्स्पोर्ट, स्वतःचे माग थोडेच, बरंचसं जॉबवर विणून घेतात, ऑफिसात तिघंजण.

बाबांच्या ओळखीतल्या एका दुकानदाराचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, ऐन दिवाळीच्या तोंडावर व्हायरसने लॉक झालं, तेव्हापासून तिघंही धास्तावलेत आणि मिळून दीड लाख बाजूला काढलेत. एका व्हेंडरने कोटेशन दिलंय, तिन्हीकडे तोच फायरवॉल (इंटरनेटवरून आत घुसणारं अडवणारा), तेच अँटिव्हायरस, खर्चाचे तीन सारखे वाटे. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही हे घरात नीट सांगता येत नाहीये. मामा म्हणतो माझ्याकडे मशिनरी महाग म्हणून धोका मला, बाबा म्हणतात गिऱ्हाईकांचे पत्ते-फोन माझ्याकडे, आणि काका म्हणतात माझ्याकडे आहे काय, तीन कॉम्प्युटर आणि मेल. तुम्ही अशी तुलना कशी कराल? आधी कुणाकडे बघू?

टॅलीवाला_कोल्हापूर

मी गेली सतरा वर्षं टॅली आणि हार्डवेअरचं काम करतो, शाहूपुरीपासून इचलकरंजीपर्यंत गिऱ्हाईक आहे, त्यात फर्निचरवाले बरेच. कॉम्प्युटर किती आणि मशीन केवढ्याचं यावर धोका मोजू नका. तिघांना दोनच गोष्टी विचारा. उद्या सकाळी सगळं बंद दिसलं तर किती दिवस धंदा ओढून नेता येईल? आणि तुमच्याकडे मोठी रक्कम कुणाच्या सांगण्यावरून कुठल्या खात्यात जाते? या दोन उत्तरांवरच तिन्ही धंदे वेगवेगळे दिसायला लागतात.

टॅली लॉक होण्याचं म्हणाल तर त्यातल्या बऱ्याच केसेसमध्ये दार एकच असतं. शेठजींना घरून टॅली बघायचं असतं म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉप चालू करतो, इंटरनेटच्या राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडतो, पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३. इंटरनेटवर रात्रंदिवस असले उघडे पोर्ट शोधणारी माणसं आणि प्रोग्राम बसलेले असतात. माझ्याच एका फर्निचरच्या गिऱ्हाईकाकडे धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी मशीन उघडलं तर डेटा फोल्डरमधल्या प्रत्येक फाईलच्या नावाला पुढे भलतंच शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता, रोज घ्यायचे बिचारे, पण पेनड्राइव्ह त्याच मशीनला कायम खोचलेला, तोही लॉक. मग आम्ही जीएसटी पोर्टलवरून विक्रीची बिलं उतरवली, टू-बीवरून (पोर्टलवर तयार होणारी खरेदीची यादी) खरेदी लावली, पण उधारी कुणाकडे किती आणि कुठल्या सोफ्याचा ॲडव्हान्स किती आलाय हे पोर्टलवर नसतं ना. ते वाचलं कशामुळे तर त्यांच्याकडे ऑर्डरचं कार्बनवालं पुस्तक होतं, गुलाबी कॉपी दुकानात राहते ते. दोन मुली आणि मी, आठ दिवस गुलाबी पावत्या बघून एंट्र्या मारल्या.

म्हणून बाबांकडे पहिलं काम, तो पोर्ट उघडा आहे का बघा, असेल तर आजच बंद. दोन हार्ड डिस्क घ्या, एक आठवडा एक, दुसरी घरी कपाटात. महिन्यातून एकदा त्या बॅकअपवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपनी उघडून बघायची, नुसतं 'बॅकअप झाला' असं स्क्रीनवर आलं म्हणून भरवसा ठेवू नका.

सूत_आणि_माग

मी इचलकरंजीत एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये अकाउंट्स बघते. सिंहगडरोडकर, तुमच्या काकांचं 'माझ्याकडे आहे काय, तीन कॉम्प्युटर आणि मेल' हे वाक्य वाचून काळजात धस्स झालं, कारण आमचे शेठही हेच म्हणायचे.

आमच्याकडे काय झालं ते सविस्तर सांगते. युरोपातला बायर, अकरा वर्षांचा व्यवहार, टॉवेलचा कंटेनर, तीस टक्के ॲडव्हान्स आणि बाकीचे बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या कागदाची) कॉपी पाठवली की. कॉपी पाठवली, पैसे येईनात. आठवड्याने फोन केला तर ते म्हणाले आम्ही तर तुमच्या नव्या खात्यावर पाठवले. कुठलं नवं खातं? तर आमच्याच नावाने मेल गेलेला की आमचं भारतातलं खातं ऑडिटमुळे अडकलंय, या वेळेपुरते या दुसऱ्या खात्यावर पाठवा. खाली आमचाच लोगो, आमचाच इनव्हॉइस नंबर, रक्कम डॉलरपर्यंत बरोबर, नमस्काराची पद्धतसुद्धा शेठची. फरक एवढाच की आमच्या डोमेनच्या, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या, नावात जिथे एम आहे तिथे त्यांनी आर आणि एन शेजारी-शेजारी टाकलेले. बारीक अक्षरात ते एमच दिसतं. मी स्वतः चष्मा लावून तीनदा वाचलं तेव्हा कळलं.

हे त्यांना इतकं अचूक जमलं कसं, तर आमच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी महिनाभर आधीच शिरलेलं होतं. पासवर्ड बदलला नाही, काही उडवलं नाही, फक्त एक फॉरवर्डिंग लावून ठेवलं, 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेला प्रत्येक मेल एक कॉपी बाहेर. ते नुसते वाचत बसले आणि कंटेनर निघाल्यावर मध्ये घुसले. माल पोचला, बायर म्हणतो मी पैसे दिले, आम्ही म्हणतो मिळाले नाहीत, आणि सूतवाल्याला, प्रोसेस हाऊसला, जॉबवाल्यांना तर पैसे द्यायचेच होते. शेवटी बायरने अर्धा भार उचलला, तेही अकरा वर्षांच्या संबंधांमुळे. त्या महिन्यात माझ्या हातून पगार आठ दिवस उशिरा झाले, ते मला अजून लागतं.

आता बघा, यात फायरवॉल काय करणार होता? अँटिव्हायरसलाही पकडण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा काकांकडे आजच मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर दोन्ही उघडून बघा, डोमेनवरचा मेल असेल तर होस्टिंगच्या पॅनलमध्येही वेगळे फॉरवर्डर असतात तेही बघा, टू स्टेप (पासवर्डबरोबर फोनवरचा कोडही मागणारं लॉगिन) चालू करा, आणि प्रत्येक बायरला लेखी कळवा की आमचं खातं बदललं असा मेल आला तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय एक पैसा पाठवू नका, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दिसायची सोय झालीय, तर सूतवाल्याला पैसे पाठवताना तीही वापरा. पण परदेशातल्या बायरला त्याच्या बँकेत तुमचं नाव असं दिसेल हे धरून चालू नका.

राउटर_ऑपरेटर

मी सातपूरला मशीनवरच असतो त्यामुळे मामांच्या बाजूने थोडं लिहितो. सीएनसीच्या शेजारी जो कॉम्प्युटर ठेवलेला असतो तो बहुतेक ठिकाणी विंडोज ७ नाहीतर एक्सपी असतो, आणि तो बदला असं कुणी सांगितलं तरी बदलता येत नाही कारण कंट्रोलरचं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं आणि त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० ला बंद झाले. त्यामुळे तो कॉम्प्युटर सुधारायच्या मागे न लागता त्याला एकटा ठेवायचा. लॅनची वायर काढा, वायफायचा डोंगल असेल तर काढा, फाईल द्यायला एकच पेनड्राइव्ह, त्यावर रंग मारून ठेवा, तो मोबाईलला नाही, गाण्यांना नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं फाईल लॉक करणारं व्हायरस आलं ते असंच एका मशीनवरून दुसऱ्यावर नेटवर्कमधून पसरत गेलं, आणि त्याचं औषध मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं ते सापडले.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही पण मी बोलतो, क्रॅक सॉफ्टवेअर, म्हणजे पैसे न देता लायसन्स तोडून वापरलेलं. नक्षीकामाला आर्टकॅम सगळे वापरतात, ते ऑटोडेस्कने २०१८ लाच विकायचं बंद केलं तरी पेनड्राइव्हवर सगळीकडे फिरतंय. ते टाकताना पहिली सूचना असते की अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे आपल्या हाताने कडी काढून द्यायची. डिझाइनच्या ज्या कॉम्प्युटरवर असलं काही आहे त्यावर बँकिंग करायचं नाही, मेल उघडायचा नाही, एवढं तरी मामांना पाळायला लावा.

आणि सगळ्यात स्वस्त काम, मशीनच्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी कॉपी) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा, पॅरामीटरच्या फाईलसकट. आमच्याकडे डिस्क गेली तेव्हा व्हायरस वगैरे काही नव्हतं, नुसती म्हातारी झाली होती, पण तयार डिस्क होती म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन चालू. नाहीतर इंजिनियर येईपर्यंत चार दिवस गेले असते आणि साइटवर सुतार बसून.

हायपॉइंटहून

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नॉर्थ कॅरोलिनात, फर्निचरच्याच लाइनमध्ये. वरच्या मुद्द्याला जोडून सांगतो. शेजारच्या व्हर्जिनियात बॅसेट म्हणून १९०२ पासूनची फर्निचर कंपनी आहे. जुलै २०२४ मध्ये त्यांच्यावर रॅन्समवेअरसारखा (फाईल्स लॉक करून पैसे मागणारा) हल्ला झाला, काही फाईल्स एन्क्रिप्ट, म्हणजे लॉक, झाल्या, त्यांनी सिस्टिम्स बंद केल्या आणि कारखाने थांबले. दुकानं आणि वेबसाईट मात्र चालू होती, ऑर्डरी घेत होते, पुरवता येत नव्हत्या. ती कंपनी मामांच्या मानाने अवाढव्य आहे, तरी एकाच कंपनीत दुकान आणि कारखाना यांचा धोका वेगळा असतो हे तिथे सरळ दिसलं. तुमच्याकडे तर ते तीन वेगळ्या गावांत आहेत, मग तीन सारखे वाटे कशाला?

लाकडीपूल

शोरूमला कमी समजू नका हो. आमचं तीस वर्षांचं दुकान आहे. फोन येतो, मी लष्करात आहे, बदली झालीय, क्वार्टरला सोफा आणि दोन बेड पाठवा, भाव न करता हो म्हणतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो, आणि ॲडव्हान्स देण्यासाठी म्हणून क्यूआर पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपले गेले. काउंटरवरच्या प्रत्येक मुलाला हे पाठ हवं. आमच्या पोराकडून साडेअठरा हजार गेले, १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लगेच फोन केला म्हणून त्यातले काही बँकेने थांबवले. उशीर झाला असता तर तेही नाही.

शिवाय लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाईल, उघडली की फोनमध्ये चोराचं ॲप बसतं. लग्नसराईत आम्हाला खऱ्या पत्रिकाही रोज येतात त्यामुळे बोट आपोआप जातं. दुकानाचा व्हॉट्सॲप आणि बँकेचा ओटीपी एकाच फोनवर असेल तर तो आधी वेगळा करा, साधा बटणांचा फोन घ्या ओटीपीला, हजार-दीड हजारात काम होतं.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सूत_आणि_माग ताई, तुमचं वाचून काल रात्रीच काकांच्या मेलमध्ये रिमोटने गेलो. फॉरवर्डिंगला एक पत्ता आहे जो काका, काकू आणि ऑफिसातला मुलगा, कुणालाच माहीत नाही. कधीपासून आहे ते कळत नाही. मेलचा पासवर्ड तिघांनाही माहीत आहे आणि तो सहा वर्षांत बदललेला नाही. एक कंटेनर परवाच मुंद्र्याहून निघालाय. आता नेमकं कुठल्या क्रमाने काय करू?

सूत_आणि_माग

घाबरू नका, पैसे अजून गेलेले नाहीत हे महत्त्वाचं. आधी त्या सेटिंगचा स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असा, लॉगिनची यादी दिसत असेल तर तिचाही. मग दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, टू स्टेप लावा, नंतर फॉरवर्डिंग काढा. रिकव्हरीचा फोन आणि मेल कुणाचा आहे तेही बघा, तिथेही ते शिरून बसतात. त्यानंतर लगेच बायरना फोन, मेल नाही, फोन, आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर शोधून. कंटेनरवाल्याला सगळ्यात आधी. बँकेच्या फॉरेक्स डेस्कलाही कळवा. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. आणि तुमच्या सीएला विचारून सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) कळवायचं बघा, २०२२ च्या नियमाप्रमाणे कळल्यापासून सहा तासांची मुदत असते, कंपनी लहान म्हणून सूट नाही.

टॅलीवाला_कोल्हापूर

ताईंनी सांगितलं तसंच करा. काकांच्या ऑफिसातल्या मुलाच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड असतील, बँकेचेसुद्धा, ते सगळे बदला आणि तो कॉम्प्युटर फॉरमॅट होईपर्यंत वापरू नका. ई-वे बिल आणि जीएसटीचे पासवर्ड विसरू नका. फायरवॉलचं कोटेशन राहू द्या सध्या.

सिंहगडरोडकर

अपडेट. पासवर्ड, टू स्टेप, फॉरवर्डिंग सगळं झालं, तक्रार टाकली. दुबईच्या दोन्ही बायरशी काका स्वतः बोलले, त्यांच्याकडे खातं बदलल्याचा मेल आलेला नाही. कंटेनर ज्याचा आहे तो अमेरिकेत, त्याचं ऑफिस आपल्या रात्री साडेसातनंतर उघडतं. काकूंनी जुन्या डायरीतून त्याचा लँडलाइन नंबर शोधून काढलाय, काका फोनजवळच बसलेत. बोलणं झालं की लिहितो.