आधी पाइप आणि क्लच, मग रिमॅप

दादा, तुमच्या कॉम्बीला (मागे लांब डिकीवाल्या गाडीला) आधी रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं, आणि क्लचचं नंतर बघू म्हणताय, तो क्रम उलटा करा. माझी 1.9 टीडीआय डिझेल गाडी बीडजवळच्या मांजरसुंब्याचा घाट चढताना दमायची. बघितलं तर इंटरकूलरचा (टर्बो इंजिनात दाबून भरतो ती गरम हवा थंड करणारा भाग) रबरी पाइप क्लिपखाली बोटभर चिरलेला, कडेला तेलाची ओल, म्हणजे हवा तिथून गळत होती. नुसता पाइप बदलला, गाडी पुन्हा ओढायला लागली! रिमॅपने टर्बोचं प्रेशर आणि टॉर्क वाढतो, मग झिजलेला क्लच घसरणारच. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 वर. गरम हवा विरळ, आणि चाकापुढच्या कोपऱ्यातला तो छोटासा इंटरकूलर लगेच तापतो. समोर मोठा बसवा. लेकरंबाळं घेऊन फिरणारी गाडी आहे, ब्रेक मात्र सगळ्यात आधी करा.