सुटलेल्या पडद्यासाठी स्क्लेरल बकल की व्हिट्रेक्टॉमी?

प्रश्न:
माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या डोळ्याचा पडदा (रेटिना) खालच्या बाजूने सुटला आहे. त्याचे वय ३२, चष्म्याचा नंबर उणे ७, आणि डोळ्यातील भिंग नैसर्गिक आहे. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा स्पष्ट दृष्टी देणारा मधला भाग, अजून जागेवर असल्याने उशीर करू नका, असे दोन्ही डॉक्टरांनी बजावले आहे. मात्र एकाने बकल (बाहेरून पट्टी बसवणे) सुचवले आणि दुसऱ्याने व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतील पारदर्शक जेल काढणे). बकल ही जुनी पद्धत असल्याचे ऐकल्यामुळे मन साशंक आहे. शिवाय केवळ वायूचा बुडबुडा सोडूनही पडदा बसवतात म्हणे. तो मार्ग का नको?

पहिले उत्तर:
मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. भावाचा डोळा मी तपासलेला नाही, हे लक्षात घेऊनच वाचावे. बकल जुने आहे खरे, पण या वयात ते बहुधा अधिक योग्य ठरते. तरुण डोळ्यातील जेल पडद्याला घट्ट चिकटलेले असते, त्यामुळे व्हिट्रेक्टॉमीत ते सोडवताना नवी छिद्रे पडण्याचा धोका असतो, आणि नैसर्गिक भिंगात पुढे मोतीबिंदू लवकर वाढतो. बकलमध्ये सिलिकॉनची पट्टी डोळ्याच्या बाहेरून शिवून भिंत आत दाबतात व पडद्याला पडलेल्या छिद्राभोवती क्रायो (अतिथंड उपचार) देतात, म्हणजे जेलला हात लावावा लागत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत नैसर्गिक भिंग असलेल्यांची दृष्टी बकलनंतर अधिक चांगली राहिली, तर कृत्रिम भिंग बसवलेल्यांमध्ये पडदा जागेवर राहण्याच्या बाबतीत व्हिट्रेक्टॉमी सरस ठरली. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून तो मुख्यतः वरच्या सुमारे दोन-तृतीयांश भागातील छिद्रांसाठीच उपयोगी पडतो. आपल्या भावाचे छिद्र खाली असेल तर तो पर्याय उरत नाही.

दुसरे उत्तर:
माझी व्हिट्रेक्टॉमी ५१व्या वर्षी झाली. शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेला वायू असेपर्यंत डोके डॉक्टरांनी सांगितलेल्या स्थितीत ठेवावे लागले आणि विमानप्रवास पूर्ण बंद होता, कारण उंचीवर वायू प्रसरण पावून डोळ्याचा दाब धोकादायक रीतीने वाढतो. वायू विरत जाताना नजरेत पाण्याच्या पातळीसारखी रेषा दिसते व ती हळूहळू खाली उतरते. हे आधी कोणी सांगितले असते, तर मी घाबरलो नसतो. दीड वर्षात मोतीबिंदूही काढावा लागला. तरीही पडदा टिकला, याचे मोल माझ्यासाठी मोठे आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. छिद्र खालीच आहे. बकलचे तोटे कोणते?

पहिले उत्तर देणारे:
पहिले काही दिवस दुखणे व सूज अधिक असते, डोळा लांबट झाल्याने उणे नंबर आणखी वाढतो, आणि क्वचित स्नायूंवर परिणाम होऊन एकाची दोन चित्रे दिसतात. पडदा पुन्हा सुटला तर व्हिट्रेक्टॉमी करता येते. आपल्या शल्यचिकित्सकांना दोन गोष्टी अवश्य विचारा: जेल पडद्यापासून सुटले आहे का, आणि ते स्वतः बकल नियमितपणे करतात का. हे कौशल्य सरावावर अवलंबून असल्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्याइतकेच महत्त्वाचे मानतो.