पर्सनल ट्रेनर सहा महिन्यांचे पैसे आधीच मागतोय, भरू का?

लक्ष्मीपुरीवाला:
नमस्कार मंडळी. वय ५२, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसून, पोती उचलायला पोरं आहेत. मागच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटीस नाही, पण उंबरठ्यावर आहात. नुसत्या रंकाळ्याच्या फेऱ्यांनी भागणार नाही, स्नायूंना काम द्या. बीपीची गोळी चालू आहे. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो.

घराजवळच्या एका जिमला जाऊन आलो. ट्रेनर पोरगा, दंड असे की बाही उसवंल. मला खालवर बघितलं आणि म्हणाला, "काका, तीन महिन्यांत दहा किलो, गॅरंटी." पैसे सहा महिन्यांचे एकदम, भात बंद, आणि प्रोटीन पावडरचे दोन डबे त्याच्याकडूनच घ्यायचे. गोळ्या कसल्या चालू आहेत ते काही विचारलं नाही. घरात सगळे मागं लागलेत, आता लावूनच टाका म्हणून. ट्रेनर पारखायचा कसा?

पेठेतला_गडी:
काका, गॅरंटी फ्रीजला असत्या, अंगाला न्हाय. तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला आधी हौदा, म्हंजी कुस्तीची माती, खणायला लावत्यात. बघणाऱ्याला वाटतं फुकट राबवून घ्यालेत. पण खोरं मारताना कोण कंबरेतनं वाकतंय, कुणाला धाप लवकर लागत्या, हे वस्ताद कडंला बसून बघत असत्यात. तुम्ही ह्या गुडघ्यावर बैठका मारायला तालमीत येऊ नका, पण असला बघणारा माणूस हुडका. आणि पांढरा रस्सा सोडू नका, एवढंच सांगणं हाय 😀

सातवी_गल्ली_राजारामपुरी:
दादा, पैसे भरायच्या आधी हे वाचा. मी बँकेत काउंटरला, कंबरेचं दुखणं जुनं. आधी दोन-तीन जिम फिरले, सगळीकडं पहिला प्रश्न "पॅकेज कुठलं घेणार?" हाच. शेवटी ज्या बाईंकडे टिकले, त्यांनी पहिल्या दिवशी वजनाला हातच लावू दिला नाही. आधी बसवून विचारलं: ऑपरेशन झालंय का, गोळ्या कुठल्या, झोप किती, उभं राहून काम की बसून. सगळं वहीत लिहून घेतलं.

मग एक लाकडी काठी पाठीवर उभी धरायला लावली. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. आता गुडघे किंचित वाकवून बूड मागं न्यायचं. मी वाकले की माकडहाडावरनं काठी सुटायची. बाई ओरडल्या नाहीत, नुसतं त्या फटीत बोट घालून दाखवायच्या. ती फट मिटेपर्यंत डंबेल नाही. नवरा म्हणायचा, काठी धरायचे पैसे देतेस होय! आता भरलेला सिलिंडर मीच सरकवते, त्याला हाक मारत नाही.

तुमच्या गुडघ्याचं त्या पोराला सरळ विचारा, माझ्याकडनं बैठका कशा घेणार? मागं बाक ठेवून त्यावर बसा-उठा, दुखत नाही तेवढ्याच उंचीपासून सुरुवात आणि मग बाक हळूहळू खाली, असलं काही त्याला सुचलं तर ठीक. "दुखणारच, सहन करा" म्हणाला तर चप्पल घाला आणि निघा. बीपी आहे म्हणून आणखी एक: श्वास कोंडून जोर लावला की प्रेशर एकदम चढतं. जोर लावताना श्वास सोडा, हे जो दर वेळी आठवण करून देतो तो आपला माणूस.

पैशाचं. ट्रेनर जिम बदलतात, आणि पैसे जिमकडं असतात. आमच्यातल्या एकीनं वर्षाचे भरले होते. दिवाळीनंतर ट्रेनर दुसरीकडं गेला, जिमनं नवीन पोरगं समोर उभं केलं. त्याला ना हिची कंबर माहीत, ना खांदा. परत पहिल्यापासनं! म्हणून आधी एक सेशन पैसे देऊन करून बघा, मग दहा-बारा सेशनचंच बोला. ट्रेनर गेला तर उरलेल्याचं काय, आयत्या वेळी तुम्हाला जमलं नाही तर सेशन बुडतं का, हे लिहून घ्या. एसीई, एनएससीए, एसीएसएम असल्या ट्रेनरांना परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थांचं सर्टिफिकेट असेल तर मुदत बघा, ती ठरावीक वर्षांनी नव्यानं करावी लागतात. त्यातसुद्धा तुमच्या सेशनला मोबाईल बघत बसणारे निघतात, म्हणून ट्रायल घ्यायचीच.

पावडर त्याच्याकडूनच का? आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) हिशोब दिवसाला वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन. ७५ किलोच्या माणसाला ६२ ग्रॅमच्या आसपास. व्यायाम वाढला की थोडं जास्त लागतं, पण एका अंड्यात सहाएक ग्रॅम, वर डाळ, दही, उसळ, मासे. घ्यायचीच झाली तर डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा खातं) नंबर बघा आणि डॉक्टरांना विचारा. भाताचंही डॉक्टर नाहीतर डाएटिशियन ठरवतील.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच:
मी ट्रेनर आहे, म्हणून आमचीही बाजू. आठवड्याला अर्धा ते एक किलो या चालीनं तीन महिन्यांत दहा किलो अशक्य नाही. पण आम्ही तासभर भेटणार, उरलेला दिवस तुमचा. गॅरंटी कशाच्या जोरावर द्यायची? तुमच्या केसमध्ये मी वजनकाट्यापेक्षा तीन महिन्यांनी परत होणारं एचबीएवनसी बघेन. तुमच्याकडनं हवं ते एवढंच: वेळेवर या, गोळी बदलली तर सांगा, आणि मिसळ हाणून थेट येऊ नका. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर चालेल. सांध्यात कळ आली तर तिथंच थांबून सांगायचं, लाजायचं नाही.

लक्ष्मीपुरीवाला:
ताई, काठीचं काल घरी करून बघितलं, काठी कुठंच टेकंना 😅 पोरानं व्हिडिओ काढलाय तो वेगळाच. त्या जिमला आज फोन केला, आधी एक सेशन द्या म्हटलं. "तशी पद्धत नाही" म्हणाले. सोडला विषय. दुसऱ्या ठिकाणी मंगळवारी सकाळी सात वाजता बोलावलंय, त्यांनी फोनवरच गोळ्यांची नावं विचारली. दुकान दहाला उघडायचं असतं, त्यामुळं वेळही बसते. बायको म्हणते मीपण येते, निम्मे निम्मे पैसे. एका ट्रेनरकडे दोघांचं जमतं का?

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच:
जमतं, बरीच जोडपी करतात. फक्त विचारून घ्या, दोघांची उचलायची वजनं आणि वही वेगळी ठेवणार का. आणि वहिनींच्या गोळ्यांची यादीपण न्या.