पाच ठोके : 'द टर्मिनेटर'चं संगीत तुम्ही पहिल्यांदा कुठं ऐकलं?

प्रतापनगरहून, धागा सुरू करताना

१९८८चा मे महिना. कॉलनीतल्या घरांनी माणशी पाच रुपये वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्यानं आणला होता. टीव्ही गच्चीवर चढवला, सतरंज्या अंथरल्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ. दोन हिंदी सिनेमे संपेस्तोवर रात्रीचे दोन वाजले. बायका आणि लहान मुलं खाली झोपायला गेली. उरलो आम्ही सात-आठ पोट्टे आणि माझे बाबा. तिसरी कॅसेट इंग्रजी होती : 'द टर्मिनेटर', भविष्यातून आलेला यंत्रमानव एका मुलीचा जीव घ्यायला मागं लागतो तो सिनेमा.

पडद्यावर मोठाली अक्षरं आडवी सरकू लागली आणि तो आवाज आला. धाड्, धाड्, धाड्, धाड्-धाड्. खाली लोखंड वाजतंय आणि त्याच्या वर एक लांबलेला, दुखरा सूर. इंग्रजी कुणालाच धड समजत नव्हतं, त्यामुळे पुढचे पावणेदोन तास तो सिनेमा आम्ही कानांनी पाहिला. ठोके सुरू झाले की तो यंत्रमानव येतोय. ठोके थांबले की पळणाऱ्या सारा आणि काइलला श्वास घ्यायला थोडी सवड आहे. कोण कुठल्या काळातून आलंय हे मला पुढं कॉलेजात कळलं, पण भीती त्याच रात्री पूर्ण कळली होती.

बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर होते. एरवी सिनेमात त्यांचा जीव रमत नसे. पण शेवटी कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसखाली तो यंत्रमानव चिरडला जातो तो प्रसंग आला तेव्हा ते सतरंजीवरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. सकाळी चहा पिताना म्हणाले, "गाणं कुठं संपलं अन् प्रेस कुठं सुरू झाला ते कळलंच नाही रे." त्या संगीताबद्दल इतकं नेमकं मी नंतर कुठंही ऐकलेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्यामागची हकिकत समजली. १९८४चा हा सिनेमा कमी पैशांत बनला, मोठा वाद्यवृंद परवडणारा नव्हता. संगीतकार ब्रॅड फिडेल यांनी जवळपास सगळं सिंथेसायझरवर एकट्यानं उभं केलं. त्यातला मुख्य प्रॉफेट-१० : दोन कीबोर्ड, एका वेळी दहा स्वर. त्यावर तालाचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहावा म्हणून त्यांनी तो भरून घेतला, पण बटण दाबायची वेळ किंचित चुकली आणि तुकडा जरासा तोकडा राहिला. दर फेरीला ताल पाऊल पूर्ण टेकायच्या आधीच पुढं निघतो. त्यांना ते आवडलं, म्हणून तसंच ठेवलं. गच्चीवर आमच्या पोटात जे कालवत होतं ते याच तोकडेपणानं.

तुम्ही कुठं ऐकलंत? कशावर, कुणाबरोबर? नागपुरातल्यांनी तर लिहाच.

पाचपावलीहून

आमच्या घरी हातमाग होते. पहाटेपासून खटक-खटक, खटक-खटक. धोटा इकडून तिकडं, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. आम्ही भावंडं त्या आवाजातच झोपायचो आणि माग थांबला की जाग यायची.

ह्या सिनेमाचं संगीत मी एका कॅसेटवर भरून आणलं होतं. गांधीबागेत एक जण निवडक गाणी भरून द्यायचा, त्याच्याकडून उरलेल्या जागेत हे मागून घेतलं. घरी टेप लावला. वडील आतल्या खोलीत मागावर होते. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी हात थांबवला आणि आतूनच विचारलं, "कोनाचा माग आहे बे हा? याचा धागा तुटून राह्यला." विणकराला तुटलेला धागा आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. मी म्हटलं, बाबा, ही इंग्रजी सिनेमाची कॅसेट आहे. ते बाहेर आले, टेपसमोर उकिडवे बसले, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, "मंग थांबवत काहून नाही तो?"

तोकड्या राहिलेल्या तुकड्याची गोष्ट मला आज तुमच्याकडून कळली. वडील आता नाहीत. त्यांना सांगायला हवी होती.

सदरहून

मी थिएटरात ऐकलं. टीव्हीवर ऐकणाऱ्यांना एवढंच सांगतो की तो खालचा ठोका कानाला नाही, खुर्चीच्या पाठीला ऐकू येत होता.

महालहून

मी तबला शिकवतो. पाचपावलीच्या दादांच्या वडिलांनी जे पकडलं ते मात्रांत मांडून दाखवतो.

हे ठोके पाच आहेत, पण सारख्या अंतरावर नाहीत. पहिले तीन तीन-तीन मात्रांचे, शेवटचे दोन दोन-दोन मात्रांचे. तीन, तीन, तीन, दोन, दोन. बेरीज तेरा. हातानं असं म्हणा :

धागेना धागेना धागेना धागे तिट

प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. पाच टाळ्या पडतील आणि सिनेमाचा ठोका घरात उभा राहील. आता शेवटी एक मात्रा वाढवून 'धागे तिटक' म्हणून पाहा. चौदा झाल्या, सगळं स्वस्थ झालं, भीती गेली. तोकडेपणा म्हणजे ही गेलेली एक मात्रा.

आपल्याकडं विषम मात्रांचे ताल काही नवे नाहीत. रूपक सातचा, झपताल दहाचा पण आतून दोन-तीन-दोन-तीन. तरी रूपकात भीती वाटत नाही. कारण तिथं गवय्या आणि तबलजी दोघांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, माहीत असते, आणि ऐकणाराही तिची वाट पाहत असतो. इथं वाट पाहायला कुणी शिकवलेलंच नाही. आपण मनात चौकोनी चाल धरून बसतो आणि दर फेरीला ती आपल्या पायाखालून निसटते. माझ्या मते फिडेल यांनी यंत्र दाखवण्यासाठी सर्वांत योग्य गोष्ट केली. अगदी घड्याळासारखा ताल दिला असता तर यंत्र निर्जीव वाटलं असतं. हे यंत्र घाईत आहे.

गेल्या गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्यांना हे तेरा बोल दिले. दहावीतली एक मुलगी दोन दिवसांत त्यावर तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, बांधून घेऊन आली. कुठून आलंय हे तिला सांगितलं नव्हतं.

हनुमाननगरहून

धागा वाचून राहवलं नाही. गणेशोत्सवात आमचा छोटा ऑर्केस्ट्रा असायचा. तेव्हा नागपुरात कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, त्याला कॅसिओच म्हणायचे, आणि आमच्याकडं होता तो खरोखरच कॅसिओ होता. लहान कळा, आत तयार ताल : मार्च, वॉल्ट्झ, रॉक, डिस्को. दोन गाण्यांच्या मधे गायक पाणी पिऊन येईस्तोवर मी ही धून वाजवायचो. मंडपातली पोरं ओळखायची आणि खुर्च्यांवर ठोके द्यायची.

अडचण अशी की कॅसिओचा एकही तयार ताल त्याला बसत नव्हता. मला वाटायचं माझीच लय कच्ची आहे. किती रात्री हेडफोन लावून सराव केला! महालच्या गुरुजींचे बोल आत्ता टेबलावर वाजवून पाहिले आणि पस्तीस वर्षांनी कळलं की माझा हात बरोबर होता. तीनचा नाहीतर चारचा ताल आणि तेराचा ताल जुळणार तरी कसे? शेवटी तयार ताल बंद करून मी डावा हात खर्जावर ठेवायचो आणि ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमवाला, मित्र धातूचा ठोका द्यायचा. ऑक्टोपॅड भाड्यानं मिळाला नाही त्या वर्षी त्यानं घरून पोळ्यांचा तवा आणला, दोरीनं टांगला आणि पान्यानं वाजवला. पुढं वाचलं की मूळ संगीतातला तो खणखणाट मिळवायला खुद्द फिडेल यांनीही फ्राइंग पॅनच ठोकलं होतं. त्या रात्री मित्राला फोन केला. तो आता दुबईत असतो. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आई तवा शोधत होती बे तेव्हा."

मूळची धरमपेठेची, आता पुण्यात

सगळे ठोक्यांबद्दल लिहितायत. मला त्या सुराबद्दल लिहायचंय.

मोटेलच्या खोलीत सारा आणि काइल एकमेकांजवळ येतात तिथं तीच धून पियानोवर येते. लोखंड नाही, ठोके नाहीत, फक्त सूर. मी तेव्हा अकरावीत होते, केबल नुकतंच आलेलं होतं. दादानं टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला टेकवून ठेवला आणि आम्हा सगळ्यांना हलायचं नाही म्हणून बजावलं. उन्हाळा होता, घरोघरी कूलर चालू, आणि संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज पडायचं. नेमकं पियानोच्या मध्यावर ते पडलं. टेपची मोटर मंदावली आणि मग सावरली. भरताना टेप हळू चालला, त्यामुळे ऐकताना उलटं होतं : तेवढ्या चार-पाच सुरांपुरती धून वर चढते आणि पुन्हा खाली येते. कुणीतरी बोलता बोलता गळा दाटून आल्यासारखी.

ती कॅसेट आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं ऐकली. मला वाटायचं, रचनाच तशी आहे. लग्नानंतर नवऱ्यानं सीडी आणून दिली, तेव्हा मूळ पियानो पहिल्यांदा स्वच्छ ऐकला. सूर सरळ निघून गेला. मी त्या चढाची वाट पाहत बसले आणि तो आलाच नाही. आजही मूळ ऐकताना माझी मान त्या जागी थोडी वर होते.

दादा नाशिकला असतो. मागच्या दिवाळीत भांडी विसळताना तो हे गुणगुणत होता. चढासकट.

अजनीहून

वय एकोणतीस, त्यामुळे माझी ओळख दुसऱ्या भागापासून झाली. १९९१चा तो सिनेमा मी लॅपटॉपवर पाहिला. तिथंही फिडेलच आहेत, पण सोबतीला फेअरलाइट आहे, म्हणजे खरे आवाज आत साठवून कळांवर वाजवणारं यंत्र. आवाज भरदार, लोखंड जड. मला तोच जास्त आवडतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण महालच्या काकांचे बोल म्हणत पहिल्या भागाची सुरुवात तीनदा ऐकली आणि आता तो बारीक आवाज डोक्यातून जात नाहीये.

प्रतापनगरहून

अजनीच्या भावा, दुसऱ्या भागाचा भरदारपणा मलाही मान्य आहे. तरी माझा जीव पहिल्यावरच. एकमेकांशी न जुळलेली यंत्रं, एक माणूस आणि त्याचे दोन हात. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेनं बांधणारी मिडी १९८३मध्ये आली, म्हणजे तेव्हा अगदी ताजी होती. फिडेल यांनी थरावर थर हातानं चढवले, त्यामुळे ते किंचित मागं-पुढं होतात. ते मागं-पुढं होणंच मला गच्चीवर ऐकू आलं होतं, असं आज वाटतं.

पुण्याच्या ताई, तुमची कॅसेट अजून आहे का? असेल तर जपून ठेवा, आणि चालवण्याआधी कुणाकडून तरी तिच्या आतली फेल्टची छोटी गादी आणि रोलर तपासून घ्या.

सीताबर्डीहून

मी कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. ताईंनी सांगितलेला सुराचा चढ अगदी बरोबर आहे, मोटर मंदावली की तसंच होतं. प्रॉफेटच्या घराण्यातली वाद्यंही अशीच नाजूक. त्यांचा सूर विजेच्या दाबावर ठरतो आणि आतल्या उष्णतेनं सरकतो, म्हणून त्यांना सूर जुळवण्याचं वेगळं बटण दिलेलं असतं. आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, ते बटण किती वेळा दाबावं लागलं असतं याचा विचार करतो आहे. कॅसिओला हा त्रास नाही. हनुमाननगरचे दादा, तुमचा कॅसिओ अजून आहे का?

हनुमाननगरहून

आहे. माळ्यावर, उशीच्या खोळीत. वरच्या सप्तकातल्या तीन कळा वाजत नाहीत. खर्ज ठीक आहे.

सीताबर्डीहून

तीन कळा म्हणजे बहुतेक आतल्या रबराच्या पट्टीवर धूळ बसली असेल. रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून मी मोकळा आहे. घेऊन या.

महालहून

मीही येतो. डग्गा आणतो, तबला नको. धातूसाठी मात्र काहीतरी लागेल.

प्रतापनगरहून

तवा मी आणतो. आधी तर्री पोहे, मग बसू.

सीताबर्डीहून

हनुमाननगरचे दादा, अ‍ॅडाप्टर आणायला विसरू नका. मागच्या स्टिकरवर किती व्होल्ट लिहिलंय ते आजच बघून कळवा, नसला तर मी शोधून ठेवतो.